सममिती ही पळवाट नव्हे

आरोप थोडक्यात असा आहे. वस्तूच्या कंपनांवरून वस्तू ओळखता येत नाही, हे १९९२ मध्येच सिद्ध झालं. तरी गणितवाले ऐकत नाहीत. मॅट्रिक्स डावीउजवीकडून सारखी असावी, कर्णाला समांतर रेषांवर एकच आकडा असावा, अशा अटी घालून ते प्रश्न इतका पातळ करतात की उत्तर यायलाच हवं. मग त्या उत्तराचा निबंध छापून येतो, आणि बाहेरच्या जगात कुणाचं काही अडलेलं नसतं.

अभियांत्रिकी शिकवणाऱ्यांकडून हे ऐकलं तेव्हा मी सोडून दिलं. पण शुद्ध गणितात हयात घालवलेला एक मित्र परवा चहा घेता घेता तेच म्हणाला: ‘‘पेपर काढणाऱ्यानंच परीक्षेला बसायचं, असला हा प्रकार आहे.’’ त्याला तिथल्या तिथे जे सांगता आलं नाही ते इथे लिहितो आहे.

आधी १९९२चा निकाल. मार्क कात्सने १९६६ मध्ये ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त एक प्रश्न विचारला होता. ढोल डोळ्यांनी न पाहता, नुसत्या त्याच्या स्वरांवरून त्याचा आकार सांगता येईल का? कॅरोलिन गॉर्डन, डेव्हिड वेब आणि स्कॉट वोल्पर्ट यांनी १९९२ मध्ये दोन आकार पुढे ठेवले. सात-सात समद्विभुज काटकोन त्रिकोण जोडून केलेले, आठ बाजूंचे, खाचाखोचांचे. आकार वेगळे, स्वर तंतोतंत तेच. यातून सिद्ध झालं ते एवढंच की स्वरांवरून आकार *नेहमीच* कळतो असं नाही. माझा मित्र आणि त्याचे समविचारी यातून ‘कधीच कळत नाही’ असा अर्थ काढतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं ‘सर्व’चा नकार ‘एकही नाही’ असा केला, तर हाच मित्र त्याचे गुण कापेल.

शिवाय गोष्ट १९९२ला संपलेली नाही. स्टीव्ह झेल्डिचने २००९ मध्ये दाखवलं की ढोलाची कड पुरेशी गुळगुळीत असेल, गणिताच्या भाषेत वैश्लेषिक असेल, आणि आकाराला एक आरसा असेल, म्हणजे एका रेषेवर घडी घातली तर दोन्ही अर्धे जुळत असतील, तर काही तांत्रिक अटी सांभाळून अशा ढोलांमध्ये स्वर आकार ठरवतात. यावर लगेच उत्तर येतं, ‘‘बघा, पुन्हा तुमचा आरसा.’’ हो, पुन्हा आरसाच. तो काय काम करतो ते पाहायचं असेल तर ढोल बाजूला ठेवून मण्यांच्या माळेकडे यावं लागेल. तिथे सगळं हातानं करता येतं.

मणी एका ओळीत आहेत आणि प्रत्येक मणी फक्त शेजारच्याशी स्प्रिंगनं जोडलेला आहे. या माळेचं गणित ज्या मॅट्रिक्समध्ये बसतं तिला याकोबी मॅट्रिक्स म्हणतात. कर्णावर आकडे, कर्णाच्या लगत वर-खाली तेच जोडणीचे आकडे, बाकी सगळीकडे शून्य. मॅट्रिक्स दिली की तिची आयगेन मूल्यं, म्हणजे माळ कोणकोणत्या वेगांनी हलू शकते ते, काढणं हा सरळ प्रश्न. आयगेन मूल्यं दिली की मॅट्रिक्स शोधणं हा उलटा, म्हणजे व्यस्त प्रश्न. मणी न असतील तर कर्णावर न आकडे आणि जोडणीचे न − १, एकूण २न − १ अज्ञात. हाती येतात फक्त न आयगेन मूल्यं. हिशेबात न − १ची तूट आहे. ही तूट कल्पनेनं भरून निघत नाही. कुठून तरी माहिती आणावी लागते.

आता तीन मणी घेऊ आणि आयगेन मूल्यं १, २, ४ हवीत असं ठरवू. कर्णावर २, ३, २ आणि दोन्ही जोडण्यांवर १ लिहा. आयगेन मूल्यं येतात १, २, ४. आता कर्ण तोच ठेवा आणि जोडण्या बदला: पहिली ७/५, दुसरी १/५. आयगेन मूल्यं पुन्हा १, २, ४. करून पाहा. जोडण्यांच्या वर्गांची बेरीज २ आली की पुरे, बाकी काहीही चालतं. पहिली माळ दोन्ही टोकांनी सारखी आहे. दुसरीत एक स्प्रिंग दुसरीच्या सातपट आहे, आणि तरी वर्णपट, म्हणजे आयगेन मूल्यांचा संच, एकच. मित्राचा मुद्दा इथपर्यंत बरोबर आहे.

पण आता मी सांगितलं की माळ आरशात सारखी दिसते, तर? डावीकडून मोजा किंवा उजवीकडून, आकडे तेच. अज्ञात उरले कोपऱ्यातला आकडा, मधला आकडा आणि एक जोडणी. तीन अज्ञात, तीन आयगेन मूल्यं. अशा माळेत कंपनं आळीपाळीनं येतात: एक दोन्ही टोकं एका बाजूला जाणारं, पुढचं टोकं विरुद्ध बाजूंना जाणारं. तीन मण्यांत मधलं कंपन विरुद्ध जातीचं असतं आणि त्याचं मूल्य थेट कोपऱ्यातला आकडाच असतो. म्हणून कोपरा २. तिन्ही मूल्यांची बेरीज ७, म्हणून मधला आकडा ३. उरलेल्या १ आणि ४चा गुणाकार ४. तो २ गुणिले ३ मधून जोडणीच्या वर्गाची दुप्पट वजा जाऊन यायला हवा. म्हणून जोडणी १. दुसरं उत्तरच नाही. तीन मण्यांत जे घडलं ते न मण्यांतही घडतं. आरसा असेल तर अज्ञात बरोबर न उरतात, आणि वेगवेगळी न आयगेन मूल्यं माळ एकमेव ठरवतात. हॅरी हॉकस्टाटनं हे १९६७ मध्ये स्वच्छ मांडलं.

मित्र म्हणेल, अज्ञात कमी केले, मग उत्तर आलं. यात नवल काय? नवल पुढे आहे. आरसा नसलेली माळ ओळखायची असेल तर दोन वर्णपट लागतात: एक अख्ख्या माळेचा आणि दुसरा टोकाचा मणी घट्ट धरून उरलेल्या माळेचा. योरान बोर्गनं १९४६ मध्ये तारेच्या बाबतीत हेच दाखवलं होतं. (त्याच्याही आधी, १९२९ मध्ये, अंबार्त्सुमियान या खगोलशास्त्रज्ञानं एका खास तारेसाठी एकच वर्णपट पुरतो हे सिद्ध केलं होतं. भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात छापलेलं ते गणित बरीच वर्षं कुणी वाचलं नाही.) दुसरा वर्णपट खरं तर एकच गोष्ट सांगत असतो: प्रत्येक कंपनात पहिल्या मण्याचा वाटा किती. वाटे आणि मूल्यं एवढं मिळालं की माळ एकेक मणी करून परत उभी राहते, आणि कार्ल द बूर व जीन गोलब यांनी १९७८ मध्ये ती उभी करण्याची पद्धत दिली ती आकडेमोडीच्या चुकांपुढेही कोलमडत नाही.

आता आपल्या १, २, ४ कडे परत या. प्रत्येक मूल्याचं इतर दोघांपासूनचं अंतर मोजा आणि गुणा. १साठी १ गुणिले ३, म्हणजे ३. २साठी १ गुणिले २, म्हणजे २. ४साठी ३ गुणिले २, म्हणजे ६. हे आकडे उलटे करा: १/३, १/२, १/६. बेरीज करा: १. आरसा असलेल्या माळेत पहिल्या मण्याचे वाटे हेच आहेत. पडताळा पाहिजे? १चा तिसरा हिस्सा, २चा अर्धा आणि ४चा सहावा मिळवा, येतात २, आणि कोपऱ्यातला आकडा २च होता. म्हणजे ज्या दुसऱ्या वर्णपटासाठी टोकाचा मणी धरून नवा प्रयोग करावा लागला असता, तो पहिल्याच वर्णपटात, अंतरांच्या गुणाकारांत, लिहिलेला होता. टोकांचे वाटे समान आहेत एवढं आरशानं सांगितलं आणि तो वाचता आला. ७/५ आणि १/५ च्या माळेत मधल्या कंपनात पहिल्या मण्याचा वाटा फक्त १/५० आहे आणि शेवटच्याचा ४९/५०. तिथे अंतरांचे गुणाकार तेच आहेत, पण त्यांतून वाटे वाचता येत नाहीत. अट घालून प्रश्न सोपा होणं आणि अटीमुळे आधीच हाती असलेली माहिती वाचता येणं, हा फरक माझ्या मित्राला कळत नाही असं मला वाटत नाही. त्यानं तो पाहिला नसावा.

‘सममिती घातली की प्रश्न सोपा होतो’ हे वाक्यच मुळात खोटं आहे. टोप्लित्झ मॅट्रिक्स घ्या. तिच्यात कर्णाला समांतर प्रत्येक रेषेवर एकच आकडा असतो. काळानुसार स्वभाव न बदलणाऱ्या संदेशांच्या अभ्यासात ती पावलोपावली भेटते. तिला आरसा तर असतोच, वर आणखीही अटी असतात. न रांगांच्या सममित टोप्लित्झ मॅट्रिक्समध्ये न अज्ञात, आणि आयगेन मूल्यंही न. हिशेब चोख जुळतो. आरोपाप्रमाणे हा प्रश्न माळेपेक्षाही सोपा ठरायला हवा. प्रत्यक्षात कोणतीही न वास्तव मूल्यं दिली तरी अशी मॅट्रिक्स असते का, एवढं ठरवायलाच कैक वर्षं गेली. फिलिप डेल्सार्त आणि यीव्ह जेनँ यांची मजल चार रांगांपर्यंत गेली. हेन्री लान्डाऊनं १९९४ मध्ये सर्व न साठी ‘असते’ असं सिद्ध केलं, आणि तेही टोपॉलॉजीतली हत्यारं वापरून. त्याची सिद्धता मॅट्रिक्स आहे असं सांगते. ती कशी बनवायची हे सांगत नाही.

आणि ती एकच असते असंही नाही. पुन्हा १, २, ४. तीन रांगांच्या टोप्लित्झ मॅट्रिक्समध्ये कर्णावर ७/३ येणारच, कारण बेरीज ७. कर्णाबाहेरच्या दोन कोपऱ्यांत १/३ ठेवा आणि कर्ण व कोपरा यांच्या मधल्या रेषेवर १०/९चं वर्गमूळ, चालतं. कोपऱ्यात ४/३ ठेवा आणि मधल्या रेषेवर ५/१८चं वर्गमूळ, तेही चालतं. विरुद्ध जातीच्या कंपनाला पहिल्या मॅट्रिक्समध्ये २ हे मूल्य मिळतं, दुसरीत १. ते ४ करून पाहिलं तर मधल्या आकड्याचा वर्ग ऋण येतो, म्हणून तिसरी नाही. माळेत कंपनांच्या जाती आपोआप आळीपाळीनं लागत होत्या, इथे लागत नाहीत. एवढ्या फरकानं एकमेवपणा गेला.

सममिती आणखी वाढवा. प्रत्येक रांग म्हणजे वरची रांग एक घर सरकवलेली, अशी चक्रीय मॅट्रिक्स करा. आता १, २, ४ मिळणारच नाहीत. तीन रांगांच्या सममित चक्रीय मॅट्रिक्समध्ये दोन आयगेन मूल्यं सारखीच असावी लागतात. म्हणजे एका सममितीत उत्तर एकच, दुसरीत दोन, तिसरीत शून्य. पेपर काढणाराच परीक्षेला बसला असेल, तर त्यानं स्वतःला नापास करायची बरीच सोय केलेली दिसते.

आता त्या ‘बाहेरच्या जगा’कडे वळू, जिथे म्हणे सममिती नसतेच. तबल्याच्या पुडीकडे पाहा. साध्या, एकसारख्या गोल कातड्याचे स्वर १, १.५९, २.१४, २.३०, २.६५ अशा प्रमाणात असतात. त्यात सूर नसतो, नुसता आवाज असतो. मधोमध शाई चढली की हेच प्रमाण जवळजवळ १, २, ३, ४, ५ होतं. चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये याकडे लक्ष वेधलं, आणि रामन यांनी १९३४च्या निबंधात दाखवलं की अशा कातड्याची नऊ वेगळी कंपनं पाच स्वरांत गोळा होतात: पहिल्या दोन स्वरांत एकेक, पुढच्या दोनांत दोन-दोन, पाचव्यात तीन. शाई थरावर थर चढवत, दगडानं घासत नेणारा कारागीर जे करतो त्याला गणिताच्या भाषेत दुसरं नाव नाही. हवा तो वर्णपट आधी ठरलेला आहे आणि वजनाची वाटणी अज्ञात आहे. हा व्यस्त आयगेनमूल्य प्रश्न आहे, आणि तो वर्तुळाच्या सममितीत सोडवलेला आहे. शाईची जाडी केंद्रापासूनच्या अंतरावरच अवलंबून असते, म्हणून पृष्ठभागभर पसरलेलं अज्ञात एका त्रिज्येवर येऊन बसतं.

आणि ती सममिती निसर्गानं दिलेली नसते. कार्यक्रमाआधी तबलजी हातोडी घेऊन गजऱ्यावर चहूबाजूंनी ठोकत फिरतो आणि प्रत्येक घराशी सूर जुळतो का पाहतो, तेव्हा तो सममितीच जुळवत असतो. ताण एका बाजूला कमी-जास्त राहिला तर एकाच स्वराच्या जोडीतली दोन कंपनं थोडी फुटतात आणि आवाज लहरू लागतो; तेवढं ऐकू आलं की हातोडी पुन्हा उचलली जाते. निसर्गात सममिती नसते असं म्हणणाऱ्यानं त्या हातोडीचा आवाज एकदा लक्ष देऊन ऐकावा. ज्या वस्तू माणूस करतो त्यांच्यात सममिती बहुतेक वेळा ठोकून आणलेली असते, कारण तिच्याशिवाय वस्तू काम करत नाही. डग्ग्यात शाई मुद्दाम एका बाजूला सरकवतात, तिथे वर्तुळ जातं आणि एकच आरसा उरतो. तोही हवा म्हणून ठेवलेला असतो.

याहून पक्का दाखला हवा असेल तर २००४चा आहे. माथियास क्रिस्टान्डल, नीलांजना दत्ता, आर्टुर एकर्ट आणि अँड्र्यू लँडाल यांनी विचारलं होतं: पुंज-कणांच्या साखळीत पहिल्या कणावर ठेवलेली अवस्था, मध्ये कुणी हात न लावता, शेवटच्या कणावर जशीच्या तशी पोचेल का? त्यांनी जोडण्या सुचवल्या त्या चार कणांसाठी ३चं वर्गमूळ, २ आणि पुन्हा ३चं वर्गमूळ अशा प्रमाणात येतात. त्या मॅट्रिक्सची आयगेन मूल्यं −३, −१, १, ३. समान अंतरावर, घड्याळाच्या ठोक्यांसारखी. ही मॅट्रिक्स सिल्व्हेस्टरनं १८५४ मध्येच लिहून ठेवली होती, आणि गंमत म्हणजे आज तिला कात्सचंही नाव आहे, त्याच ढोलवाल्या कात्सचं. पण माझा मुद्दा पुढचा आहे. या प्रश्नात आरसा कुणी गृहीत धरलेला नाही. अवस्था पूर्ण पोचायची असेल तर प्रत्येक कंपनात दोन्ही टोकांचे वाटे सारखे असावेच लागतात. कोशी-श्वार्त्झ असमानतेच्या एका ओळीत हे निघतं. आणि वाटे सारखे असतील तर साखळी आरशात सारखी असावीच लागते. आपली ७/५ आणि १/५ ची माळ अनंत काळ थांबलात तरी निरोप पूर्ण पोचवणार नाही. इथे सममिती ही अट म्हणून आत आली नाही, उत्तर म्हणून बाहेर आली.

एवढं भांडल्यावर मित्राला जे द्यायला हवं तेही देतो. या विषयात छापून येणारं बरंच काही कारखानी माल आहे. काही आयगेन मूल्यं आणि त्यांच्या दिशा दिलेल्या, मॅट्रिक्स केंद्र-सममित, प्रति-सममित, द्वि-सममित, परावर्ती, व्यापक परावर्ती अशा एखाद्या वर्गातली हवी, आणि दिलेल्या मॅट्रिक्सच्या सर्वांत जवळची हवी. केंद्र-सममित मॅट्रिक्स एका ठरावीक बदलानं दोन स्वतंत्र तुकड्यांत फुटते, हे कँटोनी आणि बटलर यांनी १९७६ मध्येच मांडलं आहे. तुकडे फुटले की दोन्हींवर जुनीच रीत चालवायची आणि परत जोडायचं. वर्गाचं नाव बदललं की नवा निबंध. मी असे निबंध तपासले आहेत, आणि खरं सांगायचं तर एक-दोन लिहिलेही आहेत. त्या ढिगाबद्दल मित्राला राग येत असेल तर मलाही येतो. पण त्या ढिगातही चूक सममितीची नाही. सममिती काय सांगते हे न विचारता तिचं नुसतं नाव घेण्याची आहे.

आणि सममिती काही वेळा माहिती देत नाही, लपवते. दोन्ही टोकांना सारखीच टेकलेली तुळई घ्या. डाव्या टोकापासून एका मीटरवर बारीक तडा गेला, किंवा उजव्या टोकापासून एका मीटरवर गेला, तरी तिच्या वारंवारता सारख्याच बदलतात. नुसत्या वारंवारतांवरून तडा कोणत्या बाजूला हे सांगता येणार नाही. हेही आरशाचंच काम, आणि हेही अभियंत्याला आधीच माहीत असणं बरं. संवेदक कुठे लावायचे आणि वारंवारतेखेरीज आणखी काय मोजायचं, हे त्यावरच ठरतं. व्यवहारात उपयोग नाही असं म्हणणाऱ्या अभियांत्रिकीच्या मंडळींना माझा एवढाच प्रश्न आहे: हे तुम्हाला कुणी सांगितलं, मोजमापानं की सममितीनं?

मित्रासाठी एक काम ठेवतो. −७, −१, २, ३, ३.५ ही पाच मूल्यं घे आणि ती देणारी पाच रांगांची सममित टोप्लित्झ मॅट्रिक्स कागद-पेन्सिलीनं शोधून दाखव. सममितीमुळे प्रश्न सोपा होतो हा तुझा सिद्धांत असेल, तर दुपारच्या चहापर्यंत व्हायला हवं. तशी मॅट्रिक्स नाहीच, ही सबब चालणार नाही. ती आहे, हे लान्डाऊनं १९९४ मध्ये सिद्ध करून ठेवलं आहे.